लेकीला भावाचं औषध करू नका

सांगलीहून एका वडिलांनी लिहिलंय. थोरल्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, धाकटी यंदा बारावीला. त्यांचं म्हणणं, परदेशात या आजारावर उंदरांवर प्रयोग चालू आहेत, तिने जेनेटिक्स घेऊन ‘या आजाराचं जनुक’ शोधावं, म्हणजे दादा बरा होईल. खाली एक ओळ: ‘तिला स्टॅटिस्टिक्स आवडतं, पण ते छंद म्हणून ठेवता येईल.’

तुमची तळमळ कळते, तरी स्पष्ट सांगते. हे करिअर नव्हे. तुम्ही बोललेला नवस लेकीने फेडायचा आहे. बारावीनंतर पीएचडी हातात यायलाच दहा-अकरा वर्षं जातात. तोवर मुलगा बरा झाला नाही, तर घरात नापास कोण ठरणार? तीच. आणि ‘मलाही हे होईल का’ ही भीती तिच्या मनात असेल, त्याबद्दल तिच्याशी कोणी बोललंय? सख्ख्या भावंडांत हे प्रमाण साधारण दहात एक असतं. उरलेल्या नऊ जणांना हा आजार होत नाही, एवढं तरी तिला सांगा.

आता उंदराबद्दल. उंदराला स्किझोफ्रेनिया होत नाही. त्याला भास होतात का, हे विचारणार कसं? माणसात बाविसाव्या गुणसूत्राचा ‘२२क्यू११.२’ या जागेवरचा तुकडा गळाला तर आजाराचा धोका बराच वाढतो. तशीच तूट उंदरात घडवतात. मोठ्या आवाजाच्या क्षणभर आधी बारीक आवाज दिला की निरोगी उंदीर कमी दचकतो, ही तूट असलेला किती दचकतो ते मोजतात. मग त्याला मारून मेंदूचा हवा तो भाग लगेच गोठवायचा आणि कोणती जनुकं किती चालू होती ते आरएनएवरून, म्हणजे चालू जनुकांच्या पेशीत निघणाऱ्या नकलांवरून, पाहायचं. उंदीर मारायची मुलीची तयारी आहे का, विचारलंत? शिवाय ‘एक जनुक’ असं काही नाहीच. २०२२ च्या जागतिक अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या जनुकसंचातल्या २८७ जागा सापडल्या, बहुतेकींचा वाटा चिमूटभर.

गंमत म्हणजे या सगळ्यातून शेवटी हजारो जनुकांच्या आकड्यांचा तक्ता निघतो, आणि तो वाचायला स्टॅटिस्टिक्सवालाच लागतो. पण तेवढ्यावरून तिला पुन्हा याच दावणीला बांधू नका. हवामान, विमा, शेती, तिला हवं तिथे जाऊ दे. आयएसआयची, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची, स्वतःची प्रवेश परीक्षा आहे; आयसर आणि नायसर या सरकारी विज्ञान संस्थांपैकी आयसरसाठी आयएटी ही परीक्षा, नायसरसाठी नेस्ट; फॉर्म तिचा तिला भरू द्या.

मला खरी काळजी वाटली ती तुमच्या दुसऱ्याच वाक्याची: ‘गोळ्यांनी तो सुस्त होतो, म्हणून अधूनमधून थांबवतो.’ हे आजपासून बंद. अशाने आजार उलटतो. सुस्ती येत असेल तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात. रोज गोळी घेणं जमत नसेल तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आहेत. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन नंबर आहे. पुण्यात सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांच्या घरच्यांसाठी काम करते, तिथेही बोला. मुलाला घेऊन याच आठवड्यात त्याच्या डॉक्टरांकडे जा. मुलीला सोबत नेऊ नका, तिची प्रिलिम तोंडावर आहे.