लॅब नसताना ग्राफीनच्या (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) गॅस सेन्सरवर संगणकीय प्रोजेक्ट करण्यात अर्थ आहे का? (एमएस्सी फिजिक्स, नाशिक)

आहे, बिनधास्त करा. डीएफटीला (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूंच्या ऊर्जा काढायची संगणकीय पद्धत) बरा डेस्कटॉप, लिनक्स आणि फुकट मिळणारं क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर एवढ्यावर सुरुवात होते. पण ‘ग्राफीनवर वायूचा रेणू ठेवला, अधिशोषण ऊर्जा (रेणू पृष्ठभागाला किती घट्ट चिकटतो ते) काढली, झाला सेन्सर’ असले प्रोजेक्ट ढिगानं पडलेत. त्यात भर नको.

विषय शोधायला नाशिकबाहेर जाऊ नका. द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज घ्या. बऱ्याच ठिकाणी गारवा अमोनियावर चालतो, पेटीतल्या ग्रेप गार्डमधून (द्राक्षांना बुरशीपासून वाचवणारा कागद) सल्फर डायऑक्साइड सुटत असतो, तापमान शून्याच्या आसपास आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. गळती झाली तर सेन्सरनं या गर्दीतून अमोनियाच ओळखायचाय.

२००७ मध्ये मँचेस्टरच्या गटानं ग्राफीनवर वायूचा एकेक रेणू टिपून दाखवला. अमोनिया ग्राफीनला इलेक्ट्रॉन देतो, नायट्रोजन डायऑक्साइड काढून घेतो, त्यावरून रोध बदलतो. शुद्ध ग्राफीनवर अमोनिया जेमतेम चिकटतो, म्हणून लोक डोपिंग करतात (कार्बनच्या जागी दुसरा अणू बसवतात) किंवा जाळीतला एखादा अणू काढून टाकतात. अधिशोषण ऊर्जेचा आकडा वाढला की मुलं खूश! पण चिकटलेला रेणू सुटणार कधी? सुटण्याचा वेळ ऊर्जेबरोबर घातांकी वाढतो. रेणू सुटायचे सेकंदाला १०^१२ प्रयत्न करतो असं धरलं, तर २७ अंशांना ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक) अधिशोषण ऊर्जेला साधारण २७ सेकंद लागतात, १ इलेक्ट्रॉन व्होल्टला सतरा तासांहून जास्त. आणि तोच ०.८ चा रेणू शून्य अंशाला नऊ-दहा मिनिटं बसून राहतो. बरेच पेपर खोलीच्या तापमानाचा हिशेब देतात. तुम्ही कोल्ड स्टोरेजचा द्या. माझ्या मते प्रोजेक्टचा जीव इथंच आहे.

पुढची पायरी पाण्याची. अमोनियाचा रेणू एकटा ठेवून थांबू नका; शेजारी पाण्याचे एक-दोन रेणू ठेवा, मग सल्फर डायऑक्साइड ठेवून बघा. अमोनिया पाण्याशी हायड्रोजन बंध करतो, तेव्हा कोरड्या हवेतलं उत्तर इथं तसंच लागू होईल असं धरू नका.

व्हॅन डर वाल्स दुरुस्ती (रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाची भर; त्यातली डी३ ही पद्धत चालेल) न घालता काढलेले आकडे गाईडना दाखवूच नका. थरावर किमान १५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) पोकळी सोडा. सुपरसेल (हिशेबासाठी घेतलेला ग्राफीनचा तुकडा) ४×४ पासून सुरू करा. हिशेबात पाण्याचे रेणू घातल्यावर डेस्कटॉप धापा टाकायला लागला, तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकावर वेळ मिळतो का, ते गाईडमार्फत विचारा.