‘बिस्किटं बंद करा’ सांगण्याआधी

प्रश्न : डॉक्टर, मी डेंटिस्ट आहे, प्रॅक्टिसला तीनच वर्षं झालीत. मागच्या आठवड्यात चार वर्षांचा एक मुलगा आला होता, वरचे पुढचे सगळे दात किडलेले. आईला मी नेहमीसारखं सांगितलं, बिस्किटं बंद, फळं द्या. ती काहीच बोलली नाही, नुसती पर्सची चेन उघडझाक करत बसली. घरी गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की यांच्या घरात खायलाच पुरत नसणार. अशा वेळी आपण काय करायचं? विचारलं तर अपमान नाही का वाटणार?

उत्तर : तुम्हाला ती चेन दिसली हेच खूप आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांचं तोंडाच्या बाहेर लक्षच जात नाही.

विचारायलाच हवं. अपमान वाटतो तो कपडे बघून एखादीलाच विचारलं की, म्हणून केस पेपरवरच दोन प्रश्न टाका आणि सगळ्यांकडून भरून घ्या, मुलांसमोर मोठ्याने नको. हे प्रश्न २०१० पासून वापरात आहेत, हंगर व्हायटल साइन म्हणतात त्याला : गेल्या १२ महिन्यांत पैसे हातात येण्याआधीच घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का, आणि आणलेलं अन्न पुरलं नाही, आणखी आणायला पैसे नव्हते, असं झालं का. एकालाही ‘बऱ्याचदा’ किंवा ‘कधीकधी’ आलं तर पुढे बोला.

आता सल्ल्याचं. हातात पैसे कमी असले की माणूस स्वस्त, टिकाऊ आणि पोट पटकन भरणारं घेतो, ते बहुतेकदा मैदा आणि साखरच असते, त्यात आईचं काय चुकलं सांगा. मग तिला परवडेल असंच बोला. गोड खाल्लं की तोंडातला पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली जातो आणि इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, विरघळायला लागतं, लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी लागतो, आणि मूल दिवसभर थोडंथोडं चघळत राहिलं तर लाळेला ती सवडच मिळत नाही. तेच बिस्किट जेवणासोबत द्या, वर पाणी पाजा, रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नको, झोपताना बाटलीत साखरपाणी तर अजिबात नको. याला एक पैसाही जास्त लागत नाही. फ्लोराइडची पेस्ट आणि ब्रश मात्र तुम्हीच द्या, ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे ६ पर्यंत वाटाण्याएवढी, आणि हे बोटावर काढून दाखवा.

दुखणं आधी थांबवा हं. दात ठणकत असेल तर घरात जे आहे तेही पोराला चावता येत नाही, म्हणजे उपाशीपण दुप्पट. लगेच ड्रिल करणं जमणार नसेल आणि कीड दाताच्या नसेपर्यंत गेलेली नसेल, तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे दातावर लावायचं औषध लावून ती थांबवता येते. दाताचा किडलेला भाग काळा पडतो, ते आईला आधीच सांगा, नाहीतर ती घाबरेल.

अन्नाची मदत कुठे मिळते त्याची यादी रिसेप्शनवर ठेवा, पण नुसता कागद हातात कोंबू नका, तिची इच्छा असेल तर तिच्यासमोरच फोन लावून द्या. आणि यादीतले नंबर दर थोड्या महिन्यांनी तपासा, बंद नंबरवर ती दुसऱ्यांदा फोन करणार नाही.

त्या आईला परत बोलवा. बिस्किटांचा विषय काढू नका, आधी विचारा, रात्री झोपतो का नीट.