बीएस्सी केमिस्ट्री झालं, आता पुढे काय?

मी करिअर समुपदेशक आहे. निकालाच्या दिवसांत माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, केमिस्ट्रीला स्कोप आहे का?" विचारणारी मुलं बहुधा एसवाय-टीवायची. बारावीनंतर नीट किंवा सीईटीत मनासारखं झालं नाही म्हणून बीएस्सीला आलेली. वर्ष-दोन वर्षांत विषय आवडू लागलेला असतो, पण घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "म्हणजे पुढे मेडिकल टाकणार का?" औषधांच्या दुकानासाठी फार्मसी शिकावी लागते, हे सांगून झालं की पुढचा प्रश्न येतो, "मग तू करणार काय?" तिथे मुलं गप्प होतात.

हे इतक्यांदा ऐकलं आहे की एका मुलीची गोष्ट सविस्तर लिहावीशी वाटली. तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील केमिकल कंपनीत ऑपरेटर. लोटे परशुराम, महाड, कुरकुंभ, तारापूर, यांपैकी एका एमआयडीसीत आहेत असं समजा. मुलगी टीवायला, मुख्य विषय रसायनशास्त्र. तिला एमएस्सी करायचं होतं आणि वडिलांचा त्याला ठाम विरोध होता. त्यांच्या मते तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात. पहिल्या भेटीत बराच वेळ तेच बोलत होते.

"मॅडम, मी त्या वासात आयुष्य काढलं. शिफ्टवरून आलो की आंघोळ केल्याशिवाय हिला कधी जवळ घेतलं नाही. आता हिनेही तेच करायचं का?"

या प्रश्नाला आकडेवारीचं उत्तर नसतं. औषध उद्योग किती मोठा आहे, कंपन्या किती आहेत, हे सांगून त्या माणसाचं समाधान झालं नसतं, कारण त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी केमिस्ट्री रिअ‍ॅक्टरच्या बाजूने पाहिली होती. उन्हाळ्यात, रबरी बूट घालून. मुलगी म्हणत होती ती केमिस्ट्री त्यांच्या डोळ्यांसमोर उभीच राहत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मुलीच्याही नव्हती. तिला विचारलं, "काय आवडतं?" तर म्हणाली, "ऑरगॅनिक." हे पेपरचं नाव झालं. त्यावरून माणूस सकाळी उठून कुठे जाईल आणि दिवसभर काय करेल, हे कळत नाही.

मी मुलांना विषयांबद्दल फार विचारत नाही, दिवसाबद्दल विचारते. माणसाला काय मानवतं हे तो काय म्हणतो त्यापेक्षा कशात रमतो त्यावरून जास्त कळतं, असं माझं मत आहे, आणि इतक्या वर्षांच्या कामात ते पक्कंच होत गेलं आहे. म्हणून नंतरच्या एका भेटीत, वडील शेजारी बसलेले असताना, तिला म्हटलं, "प्रॅक्टिकलला वेळ कसा गेला ते कळलंच नाही, असा एखादा दिवस सांग."

तिने आधी "असं काही नाही" म्हणून टाळलं. मग सांगू लागली. टायट्रेशन होतं, म्हणजे ब्यूरेट या खुणांच्या काचेच्या नळीतून थेंब-थेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढायची. पहिलं रीडिंग ९.८ आलं, दुसरं ९.५. पार्टनर म्हणाली, तिसरंही ९.५ लिहून टाकू, सीबीआर, म्हणजे लागोपाठ सारखं येणारं रीडिंग, मिळाला की झालं. हिने पेन खाली ठेवलं. पहिलं ०.३ ने जास्त का आलं, हे तिला सोडवेना. ब्यूरेट खालीवर बघितली, तेव्हा लक्षात आलं की सुरुवातीला कॉकच्या (तोटीच्या) खाली, टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला असणार. टायट्रेशन सुरू असताना तो निघून गेला, त्याची जागा द्रावणाने घेतली आणि तेवढं रीडिंग वाढलं. तिने ब्यूरेट पुन्हा भरली, बुडबुडा काढला आणि दोनदा करून पाहिलं. ९.५ आणि ९.५.

"सगळे गेले होते. लॅबचे काका किल्ली घेऊन उभे होते."

"मार्क जास्त मिळाले?"

"नाही. उत्तर तेच होतं ना. मला फक्त बघायचं होतं."

वडील तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू तर क्यूसीतली आहेस."

क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, मालाची गुणवत्ता तपासणारा विभाग. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये पडू नये. पुढचं ते आपणहून सांगू लागले. ड्रायरमधला माल बाहेर काढण्याआधी सॅम्पल क्यूसीला जातं. माल पुरेसा सुकला की नाही हे तिथे तपासतात, त्याला सगळे एलओडी म्हणतात. "एलओडी आल्याशिवाय आम्ही ड्रायरला हात लावत नाही. प्रॉडक्शनचे साहेब घाई करत असतात, खाली गाडी उभी असते. पण क्यूसीची मॅडम म्हणते, रिपीट लावलंय, थांबा. मग साहेबही थांबतात."

"बाबा, हे तुम्ही घरी कधी सांगितलं नाही."

"कोणी विचारलं?"

त्या भेटीत मला जे दिसलं ते मी आजही इतर पालकांच्या बाबतीत वापरते. या वडिलांना उत्तर बाहेरून आणून द्यायची गरज नव्हती. ते रोज त्या लॅबच्या खिडकीत सॅम्पलची बाटली ठेवून येत होते. खिडकीपलीकडे आपली मुलगी असू शकते, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. एक साधा प्रश्न योग्य वेळी विचारला आणि दोघांनी मिळून तो धागा जोडला. माझ्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

त्यानंतर माहितीचं बोलणं सोपं झालं. तेच इथे सांगते, कारण बहुतेक मुलांना यातलं निम्मंही कोणी सांगितलेलं नसतं.

कंपनी म्हणजे एकच काम नव्हे. क्यूसीत दिवस उपकरणांसमोर जातो : मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी एचपीएलसी आणि जीसी, ओलावा मोजायला कार्ल फिशर. जे केलं ते त्याच क्षणी लिहायचं, खाडाखोड चालत नाही. ज्याला रीडिंग "जुळवून" टाकायची सवय आहे त्याने इकडे येऊ नये. क्यूए, म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्सचा, दिवस कागदपत्रांत जातो. आर अँड डीत (संशोधन विभागात) एकच प्रयोग दहा प्रकारे फसतो आणि अकराव्यांदा करायचा असतो, त्यासाठी एमएस्सी ऑरगॅनिक बरं पडतं. प्रॉडक्शनमध्ये माणसं सांभाळावी लागतात आणि शिफ्ट असते. मात्र प्रॉडक्शनबद्दल एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवा. औषधनिर्मितीवर देखरेख करणारी व्यक्ती कोण असावी हे १९४५ च्या औषधविषयक नियमांत ठरलेलं आहे. फार्मसीचे पदवीधर तर त्यात आहेतच, पण रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन बीएस्सी केलेल्या आणि औषधनिर्मितीचा किमान ३ वर्षांचा अनुभव असलेल्या माणसालाही त्यात जागा आहे. जाहिरातींत "एफडीए (अन्न व औषध प्रशासन) अप्रूव्हड केमिस्ट" दिसतं ते हेच. सुरुवातीचा पगार कमी असतो, बऱ्याचदा कंत्राटावर घेतात, हे मी कोणापासून लपवत नाही. पण ती ३ वर्षं कुठे आणि कोणत्या विभागात काढली, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

ज्यांना संशोधनाची ओढ आहे त्यांनी टीवायलाच आयआयटीच्या जॅम परीक्षेचा अभ्यास सुरू करावा, एमएस्सीला ती उपयोगी पडते. पुढे नेट, गेट या परीक्षा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे एनसीएल १९५० पासून आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, माटुंग्याला १९३३ पासूनची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, जिला जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात. बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, एमएस्सी झालेल्यांना प्रशिक्षण देऊन वैज्ञानिक अधिकारी म्हणून घेतं, बीएस्सीवाल्यांसाठी वेगळं विद्यावेतनाचं प्रशिक्षण असतं.

सरकारी नोकरीच हवी असेल तर बँकेखेरीजही वाटा आहेत. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी चालते, नुसती बीएस्सी केमिस्ट्री चालत नाही. हा फरक न कळल्याने मुलं फसतात. मुंबईतल्या कालिन्याची न्यायसहायक (गुन्ह्यांचे पुरावे तपासणारी) प्रयोगशाळा आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा याच विषयाच्या आहेत. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी १९३९ मध्ये केंब्रिजहून पीएचडी झाल्या आणि पुढे ग्राहक चळवळीत अन्नातल्या भेसळीबद्दल लिहीत राहिल्या, हे मी मुलींना मुद्दाम सांगते. लिहायची-वाचायची आवड असेल तर पेटंट एजंटची परीक्षा विज्ञानाच्या पदवीवर देता येते, वकील असावं लागत नाही. शिक्षकी पेशा तुम्हाला माहीतच आहे.

"एचपीएलसीचा कोर्स लावू का?" असं हल्ली फार विचारलं जातं. हजारो रुपये भरण्याआधी स्वतःचं जर्नल पुन्हा वाचा. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी या द्रावणाच्या तीव्रतेच्या मापांत अडखळणाऱ्याला प्रमाणपत्र वाचवत नाही.

या मुलीने जॅम दिली, रँक पुरेशी आली नाही. तिने विद्यापीठातून ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एमएस्सी केलं. वडिलांची अट एकच होती : कंपनीत जाण्याआधी तिथे विषारी वाफा बाहेर खेचणारा फ्यूम हूड चालू असतो का आणि गॉगल वापरतात का, हे ते स्वतः कोणाला तरी विचारणार. विचारलंही. त्यांची बाजू अगदी रास्त होती, आणि प्रत्येक पालकाने हे विचारावं.

तिच्या मुलाखतीत पहिला प्रश्न होता, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसं बनवशील? लिटरला ४ ग्रॅम, हे बहुतेक मुलं सांगतात. लगेच पुढचा प्रश्न आला, ते ०.१ च आहे हे कशावरून? सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून नुसत्या वजनावर विसंबता येत नाही, ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण द्रावणाने तपासून घ्यावं लागतं, असं तिने सांगितलं. त्यांनी तिला क्यूसीत घेतलं.