चष्मा तांदळाच्या डब्यात

"मॅडम, मोबाइल पूर्ण बंद केला तर हिचा चष्म्याचा नंबर जाईल ना?" हा प्रश्न हल्ली पालक सारखा विचारतात. या वेळी विचारणारी आई पुण्यातली, नोकरी करणारी. मुलगी पहिलीतली. तिला इथे चिऊ म्हणू; ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

फळ्यावरचं उतरवताना चिऊच्या फार चुका होतात, अशी बाईंची चिठ्ठी आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं, तर दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेदोन. चष्मा आला आणि लगेच हरवायलाही लागला. कधी सोफ्याखाली, कधी दप्तराच्या तळाशी, शेवटी तांदळाच्या डब्यात सापडला. "मोबाइल कमी केल्यापासून हट्टी झालीय, मुद्दाम करते," आई म्हणाली. डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं.

आजीही आल्या होत्या, पण खुर्ची जरा लांब ओढून. शाळेतून आल्यावर पोर आजींकडे असते आणि त्या जेवताना मोबाइल लावून देतात, त्यामुळेच डोळे गेले, हे आईचं म्हणणं. आजी उसळल्या: "त्याशिवाय घास गिळत नाही ती. उपाशी ठेवू? का हे गुडघे घेऊन ताट हातात धरून तिच्यामागे पळू?" वडील दोघींच्या मध्ये, स्वतःच्या फोनमध्ये. त्यांच्या चष्म्याची काच बघून मी नंबर विचारला. चौथीपासूनचा चष्मा, आता मायनस साडेपाच! आईवडिलांपैकी एकाला असा नंबर असला तरी मुलाला तो लागण्याची शक्यता वाढते. एवढा मोठा पुरावा समोर बसलेला असताना घरच्या खटल्यात आरोपी मात्र एकट्या आजी.

मग मी चिऊला एकटीला घेऊन बसले. रंग काढले, चित्रं झाली. चष्म्याचा विषय निघाल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "चष्मा घातला की आई आजीला बोलते."

सहा वर्षांच्या मुलीचा हिशोब सरळ होता: चष्मा दिसला नाही की भांडण नाही. मुलं चष्मा का टाळतात, याची कारणं आपण शाळेतल्या चिडवण्यात शोधतो. बऱ्याचदा ती घरच्या जेवणाच्या टेबलावरच असतात. म्हणून पहिली अट मी मोठ्यांना घातली: चिऊसमोर चष्मा आणि मोबाइल हे विषय एकत्र काढायचे नाहीत.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. नंबर जाणार नाही. मायनस नंबरात बहुधा डोळ्याचा गोळा पुढून मागे थोडा लांबलेला असतो, त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा आतल्या पडद्याच्या अलीकडेच पडते. लांबलेला गोळा पुन्हा आखूड होत नाही. 'चष्मा नाही लावला तर नंबर उतरेल' यातही तथ्य नाही.

मोबाइलचा दोष आहे, पण तो ज्या वाटेनं येतो ती वेगळी. चिऊ पलंगावर लोळून फोन नाकाशी धरायची, तासन्‌तास. इतक्या जवळून एकसारखं बघणं डोळ्यांना जड जातंच, आणि तेवढा वेळ ती घरात बसून राहायची. घरात ट्यूबलाइटखाली फार तर काहीशे लक्स (उजेड मोजायचं माप) प्रकाश असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार भरतो. या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि गोळ्याच्या लांबण्याला आवर बसतो, असं मानलं जातं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे 30 टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता. न नेलेल्यांत जवळपास 40 टक्के. हे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. निळा प्रकाश अडवणाऱ्या ज्या काचा आईनं ऑनलाइन बघून ठेवल्या होत्या, त्यांनी नंबर थांबतो असं मात्र दिसलेलं नाही. ते पैसे वाचवा म्हटलं.

मग पोरीला बाहेर नेणार कोण? इथेच गाडी अडते. आई सातला घरी येते, सोसायटीत खाली नुसतं पार्किंग. आजीच म्हणाल्या, "पाचला मी भजनाला जाते. देवळाला पटांगण आहे, पोरं खेळत असतात." सुनेनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून बघितलं. व्हॅन बंद करून सकाळी शाळेत चालत सोडायचं आणि रविवारी तळजाईच्या टेकडीवर न्यायचं वडिलांकडे आलं. कार्टून अर्धा तास, तेही टीव्हीवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून. जेवताना काहीच नाही. सुरुवातीला चिऊ अर्धीच पोळी खायची. वजन ठीक आहे, असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावर आजी निवळल्या. सकाळी आजींनी पोथीसाठी चष्मा लावला की चिऊही आपला लावते, ही सोय मात्र त्या दोघींनीच काढली.

सहा महिन्यांनी नंबर दोन झाला आणि आई घाबरून आली. या वयात डोळा वाढत असतो, पाव नंबर वाढणं अनपेक्षित नाही. नंबर लागल्यावर बाहेरच्या उजेडाचा उपयोग लागण्याआधीइतका ठळक दिसत नाही, हेही मी सांगितलं. वाढ रोखायला कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब असतात. ते द्यायचे की नाही हे डोळ्यांचे डॉक्टर ठरवतील, मेडिकलमधून परस्पर आणायचे नाहीत.

मग आईनं हळूच विचारलं, "आणि धाकट्याचं?" तो दीड वर्षाचा, त्यालाही भरवताना गाणी लावतात. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीन नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2021 साली सांगितलंय. वडिलांचा नंबर बघता तक्रार नसली तरी तिसऱ्या वर्षी त्याचे डोळे तपासून घ्या. आणि बाहेर न्यायला आत्तापासूनच लागा, कारण खरा फायदा त्यालाच आहे.

"दोघांना पटांगणात एकटी नाही हो सांभाळू शकणार मी," आजी म्हणाल्या. खरंच आहे. आठवड्यातले दोन दिवस तरी वडील लवकर येऊ शकतील का, यावर पुढच्या भेटीत बोलायचं ठरलंय. त्यांनी फोन बाहेर ठेवून आत यायचं आहे.