ताळगाव की गणेशखिंड?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी म्हापशाच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर पेडणे तालुक्यात. पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी अर्ज केलेत: गोवा विद्यापीठात एमसीए आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. दोन्हीकडे नाव लागेल असं वाटतंय. पप्पा म्हणतात, घरून ये-जा करून दोन वर्षं निघतील, खर्च वाचेल, पुण्याला कशाला? वर्गातली मुलं म्हणतात, पुण्यात प्लेसमेंट चांगली. मला ऑपरेटिंग सिस्टिम आणि सी-मधलं प्रोग्रामिंग मनापासून आवडतं, वेब डिझाइनचा कंटाळा येतो. पुढेमागे कॉलेजात शिकवायलाही आवडेल. धाकटा भाऊ बारावीला आहे, म्हणजे पैशांचा विचार करावाच लागणार. काय करू?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी आधी बाजूला काढते, कारण सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे: घरून ये-जा करून होईल. पेडणे ते म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीच्या बसस्थानकावर पुन्हा विद्यापीठाची बस धरून ताळगावच्या पठारावर. वाटेत पर्वरीची कोंडी. अंतर तीस-पस्तीस किलोमीटरच आहे, पण तीन बसगाड्या बदलायच्या म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही गेल्या. संध्याकाळची शेवटची बस डोळ्यांसमोर असली की चार वाजल्यापासूनच मुलगी दप्तर आवरायला लागते. मी कॉलेजात शिकवते, हे रोज बघते.

आणि आपल्या विषयातलं खरं शिक्षण चारनंतरच होतं. वर्गात फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रामने स्वतःचीच प्रत काढणं, ते वीस मिनिटांत सांगून होतं. नंतर तू लॅबमध्ये बसून स्वतःचा छोटासा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, लिहायला घेतेस. फायलींची यादी दाखवणारं ‘एलएस’ चालतं, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला पोचवणारा पाइप टाकला की प्रोग्राम अडकून बसतो, आणि पाइपचं लिहिण्याचं टोक पालक प्रोसेसमध्ये बंद करायचं राहिलंय हे सापडायला रात्र होते. शेजारच्या मशीनवर कुणीतरी सीनियर असतो, तो स्क्रीनकडे एकदा बघतो आणि म्हणतो, “क्लोज कुठाय?” ही शिकवणी कुठल्याच वेळापत्रकात नसते. मी स्वतः ताळगावला एमसीए केलं, तेव्हा ते तीन वर्षांचं होतं, आणि मला आठवतं ते झुआरीच्या बाजूला अंधार पडल्यावरही आमच्या लॅबमध्ये चालू असलेलं काम. २०२०-२१ पासून एमसीए दोन वर्षांचं झालं. म्हणजे तेवढंच शिकायला आता एक वर्ष कमी, आणि संध्याकाळी आणखी मोलाच्या.

म्हणून पप्पांपुढे मांडणी अशी कर: तुलना घर आणि पुणे यांची नाही, ताळगावचं वसतिगृह आणि पुण्याचं वसतिगृह यांची आहे. तशी केलीस की खर्चातला फरक बराच खाली येतो. दोन्ही सरकारी विद्यापीठं, फी खासगी कॉलेजांच्या मानाने आवाक्यातली. पुण्यात मोठा धोका एकच: वसतिगृहाची खोली प्रवेशासोबत आपोआप मिळत नाही. ती नाही मिळाली तर औंध किंवा शिवाजीनगरच्या बाजूला कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एक खाट भाड्याने घेऊन, राहावं लागतं, वर मेस. तो खर्च मात्र जाणवतो. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिच्या अटी आणि यंदाची तारीख आजच बघून घे. भावाच्या शिक्षणाचे पैसे न मोडता तुझं होऊ शकतं.

आता विद्यापीठांबद्दल. गोवा विद्यापीठ १९८५चं, पुणे विद्यापीठ १९४९चं, पण वयाने तुला काही फरक पडणार नाही. गोव्यात एमसीए आता गोवा बिझनेस स्कूलच्या छत्राखाली आहे. नाव ऐकून दचकू नकोस, विषय कॉम्प्युटरचेच आहेत. एमसीएचा कल ॲप्लिकेशनकडे: सॉफ्टवेअर बांधणं, डेटाबेस, प्रकल्प. पुण्याचा संगणकशास्त्र विभाग गणेशखिंडच्या आवारात आहे. त्याच आवारात १९८८ साली सी-डॅक ही प्रगत संगणनावर काम करणारी सरकारी संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिचा ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था शेजारीच. अशा परिसरात व्याख्यानं, पाहुणे, मोठ्या यंत्रणांवर काम करणारी माणसं सहज दिसतात. तुझ्यासारख्या, यंत्र आतून कसं चालतं याची ओढ असलेल्या मुलीला याची किंमत आहे. आणि वेब डिझाइनचा कंटाळा येतो म्हणतेस, तर एम.एस्सी.चाच अभ्यासक्रम तुझ्या स्वभावाला जास्त मानवेल.

प्लेसमेंटचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर लोक फार बोलतात. हिंजवडी, खराडीच्या आयटी कंपन्या जवळ असण्याचा फायदा आहे, नाही कशाला म्हणू? पण आपल्याकडे वेर्ण्याला पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी आहे, आणि गोव्यात शिकलेली मुलं पुण्या-बेंगळुरूला जातातच. मुलाखतीत कुणी तुला विद्यापीठाचं नाव विचारून नोकरी देत नाही, कागदावर लिंक्ड लिस्ट (एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी) उलटी करून दाखवायला सांगतात. दोन्ही विभागांत फोन करून एवढंच विचार: शेवटच्या सत्रात कंपनीतलं काम किती महिन्यांचं, आणि कंपनी विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्याने शोधायची? उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तर सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याचा नंबर मागून घे आणि त्याच्याशी बोल.

शिकवायचं मनात आहे, ही तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्या वाटेवर दोन्ही पदव्या चालतात. कॉलेजात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षांत, देशपातळीवरच्या नेटमध्ये आणि राज्याच्या सेटमध्ये, ‘कॉम्प्युटर सायन्स अँड ॲप्लिकेशन्स’ हा एकच विषय आहे, एमसीएवाले आणि एम.एस्सी.वाले दोघेही तोच पेपर देतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठच घेतं, म्हणजे तू ताळगावला शिकलीस तरी ती परीक्षा पुण्याचीच. खुल्या वर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, तेवढे राख. एमसीएच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा: सरकारी खात्यांच्या तांत्रिक पदांच्या जाहिरातींत ‘बी.ई. किंवा एमसीए’ असं लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं, एम.एस्सी. कधी असते, कधी नसते. पप्पांच्या डोक्यात सरकारी नोकरी असेल तर हे त्यांच्यापासून लपवू नकोस.

तर माझं मत. पुण्यात वसतिगृह मिळालं तर पुण्याला जा. नाही मिळालं आणि कॉटचा खर्च घराला झेपत नसेल, तर ताळगावला एमसीए कर, पण तिथल्या वसतिगृहात राहून. पेडण्याहून रोज ये-जा करायची असेल तर मी कुठल्याही विद्यापीठाला हो म्हणणार नाही.

गोव्याची यादी आधी लागली तर फी भरून जागा धरून ठेव. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून सगळी फी परत मिळते. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या पंधरा दिवसांत ८०, त्यापुढे महिना पुरा होईपर्यंत ५०, आणि नंतर काहीच नाही. आयोग एखाद्या वर्षी याहून सवलतीचं परिपत्रक काढतो, तेही बघ. मूळ प्रमाणपत्रं कुणालाही ठेवून घेता येत नाहीत, फक्त पडताळणीपुरती दाखवायची. पुण्याला निघालीस तर मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी आधीच्या विद्यापीठाचा दाखला, लागेल, त्याचा अर्ज निकाल लागल्या आठवड्यातच कर, चवथीच्या सुट्टीत अडकवू नकोस.

आणि जायच्या आधी एकदा पप्पांना घेऊन पुण्याला जाऊन ये. गोवा एक्सप्रेस मडगावहून थेट पुण्याला जाते. विभाग बघा, मुलींच्या वसतिगृहाच्या कार्यालयात चौकशी करा, मेसमध्ये जेवा. आईलाही ने, तिचं मत काय ते तुझ्या पत्रात आलेलंच नाही.