पहिल्यांदाच संदेश देणार आहात, त्या ताईंसाठी

ताई, तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यातल्या एका रविवारचा संदेश पाळकसाहेबांनी तुमच्यावर सोपवलाय. शास्त्रपाठ लूक १५, उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट: धाकटा मुलगा घर सोडून सगळं उधळतो, परत येतो तेव्हा बाप धावत जाऊन त्याला कवेत घेतो आणि थोरला भाऊ रागावतो. आणि "उपदेश करायची माझी लायकी काय" या विचाराने तुम्हाला झोप येत नाही. उपदेश म्हणजे नक्की काय, हेही विचारलंय. मी पाळक, म्हणजे मंडळीचा नेमलेला धर्मगुरू, नाही. भायखळ्याच्या बाजूला एका मराठी मंडळीत गेली सव्वीस वर्षं पाळक गावाला गेले की उभा राहतो, त्या अनुभवावर लिहितो.

आधी 'उपदेश' हा शब्द. मराठीत त्याला उंचावरून बोलण्याचा वास आहे, 'उपदेशाचे डोस' म्हणतो आपण. नव्या करारात या कामासाठी येणारा एक मुख्य ग्रीक शब्द आहे केरुस्सो. त्याचा अर्थ दवंडी देणे. माझे वडील नगरकडचे. त्यांच्या गावात दवंडी कशी व्हायची ते सांगायचे. डफावर थाप पडली की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. दवंडीवाला सांगायचा ते त्याचं स्वतःचं मत नसायचं. त्याची लायकी कुणी काढत नसे. निरोप खरा आहे ना आणि शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेला ना, एवढंच लोक बघायचे. तुमच्या झोपेचं औषध मला इथे दिसतं. निरोप तुमचा नाही. येशूचा प्रेषित पौल यानेही करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलंय की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेला होतो, थरथरत होतो.

दुसरा शब्द होमिलिया, ज्यावरून आपले कॅथलिक बंधू 'होमिली' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ संभाषण. येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य झाल्या प्रकाराविषयी आपसात बोलत चालले होते, तिथे लूकने त्याचंच क्रियापद वापरलंय. तेच क्रियापद 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात विसाव्या अध्यायात पुन्हा येतं. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून पडला. पौल खाली गेला, त्याला कवेत घेतलं, वर येऊन भाकर मोडली आणि उजाडेपर्यंत बोलत बसला. ते बोलणं म्हणजे होमिलिया. माझ्या मते उपदेशात दोन्ही हवं. निरोप दवंडीसारखा स्पष्ट आणि सूर घरातल्या माणसाशी बोलावं तसा.

रीत फार जुनी आहे. जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात एज्रा हा याजक लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि मंदिरसेवा करणारे लेवी जमलेल्या लोकांना त्याचा अर्थ समजावून देतात. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी वाचतो, सेवकाला परत देतो, खाली बसतो आणि म्हणतो की हे आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झालं. इसवी सन १५५च्या सुमाराला रोममध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारी सगळे एकत्र जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, मग पुढारी त्याप्रमाणे वागायला उत्तेजन देतो. वाचा, उलगडा, आजच्या दिवसाला जोडा, हा क्रम तेव्हापासून आहे. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेतलं प्रवचन धर्मगुरू किंवा डीकनच (धर्मगुरूच्या खालच्या पदावरचा दीक्षित सेवक) करतात आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये ते उपासनेचाच भाग असल्याचं ठामपणे सांगितलं. आपल्याकडे पाळक नसलेल्यांनाही उभं राहता येतं, म्हणून तर तुम्हाला बोलावणं आलं.

मुंबईत आपल्याला हे मराठीतून करता येतं त्यामागे मोठे कष्ट आहेत. १८१३मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी इथे उतरले, त्यांना मराठी मुळापासून शिकावी लागली. पुढे नारायण वामन टिळकांनी हा निरोप अभंगात आणि कीर्तनात आणला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये याच शहरात झाला. आपल्या कानाला काय गोड लागतं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून तुम्हीही घरात बोलता तीच मराठी बोला. 'पश्चात्ताप' म्हणून पुढे जाऊ नका. दाखल्यात तो मुलगा शुद्धीवर आला असं म्हटलंय, ते किती सोपं आहे! मंडळीतली इंग्रजी माध्यमाची पोरंही समजतील.

आता लूक १५. याच अध्यायावर मी चुकलोय, म्हणून सविस्तर सांगतो. (ज्या मावशींबद्दल लिहितोय त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगतो.) माझं तिसरं-चौथं वर्ष असेल. मी ग्रीक शब्दांची यादी केली होती, बाप धावत का गेला यावर दहा मिनिटं बोललो, लोकांनी दाराशी हात मिळवले. मावशी मात्र बाकावर बसून राहिल्या. त्यांचा धाकटा मुलगा घर सोडून गेल्याला चार वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या बापाचं घर जागच्या जागी होतं. आमची चाळ पाडली. मी ट्रान्झिट कॅम्पात आहे. माझा पोरगा परत आला तर कुठे येईल?"

तेव्हा सगळ्यांकडे मोबाइल नव्हते. मला उत्तर सुचलं नाही. दहा मिनिटं मी धावणाऱ्या बापाविषयी बोललो आणि पुढच्या बाकावर रोज वाट बघणारी आई बसली आहे हे मला माहीत असून माझ्या ध्यानात नव्हतं.

त्या दिवसापासून तयारीचा पहिला आठवडा मी टीकाग्रंथ, म्हणजे बायबलचा अर्थ उलगडणारी पुस्तकं, उघडत नाही. उतारा रोज मोठ्याने वाचतो आणि ऐकायला कोण कोण असेल ते एकेक करून डोळ्यांपुढे आणतो. रात्रपाळी करून थेट उपासनेला येणारी नर्स, नोकरी गेलेली घरात न सांगितलेला माणूस, सुनेशी अबोला धरलेली आजी. त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. अभ्यास दुसऱ्या आठवड्यात, आणि तो टाळायचा नाही. नाहीतर अध्यायाच्या पहिल्या दोन ओव्या, म्हणजे वचनं, निसटतात. परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी धर्मपुढारी, कुरकुर करत होते की येशू पापी लोकांबरोबर जेवतो, त्यांना उत्तर म्हणून हा दाखला आलाय. म्हणूनच थोरला भाऊ शेवटी दाराबाहेर उभा दिसतो आणि तो आत गेला का हे येशू सांगत नाही. आपल्या बाकांवर थोरले भाऊ जास्त असतात, ताई. तिथे थांबा.

वीस मिनिटांच्या वर जाऊ नका. एकच गोष्ट सांगा, ती एका वाक्यात लिहिता आली नाही तर अजून तयारी झालेली नाही असं समजा. कागद बघून बोललात तरी चालेल. आणि प्रार्थनेसाठी कुणी विश्वासाने सांगितलेलं दुःख उदाहरण म्हणून कधीही वापरू नका, नाव गाळूनसुद्धा नाही. एका पाहुण्या उपदेशकाने आमच्याकडे तसं केलं होतं. कुणाचं ते सगळ्यांना कळलं. ते कुटुंब पुन्हा उपासनेला आलं नाही, आणि मी तेव्हा गप्प बसलो याचं मला आजही वाईट वाटतं.

मावशींचं पुढे एवढंच झालं की आम्ही तिघे जण पाडलेल्या चाळीच्या जागेवर गेलो. वॉचमन, समोरचा चहावाला आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला या तिघांकडे त्यांचा नवा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून दिला. इस्त्रीवाल्याने तो भिंतीवर चिकटवला. मुलगा काही आला नाही, पण दर पावसाळ्यानंतर शाई फिकी झाली की आम्ही नवा कागद लावून यायचो. मावशी कॅम्पातून पक्क्या घरात गेल्या तेव्हा पत्ता बदलून आलो.

तुमचा आराखडा तयार झाला की इथे टाका, मी नक्की वाचेन. कोणता रविवार तेही कळवा, त्या सकाळी तुमच्यासाठी प्रार्थना करीन.