पंधरा मिनिटांत ट्रेनरवरून उतरावंसं वाटतं

"ताई, सायकलवरून पडून कॉलरबोन मोडलं त्याला पाच आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले रस्त्यावर नको पण घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या स्टँडवर, हळू चालव. पण पंधरा मिनिटांत जीव नकोसा होतो, घामाच्या धारा, सीट टोचते, आणि ग्रुपवर बाकीच्यांचे राईडचे फोटो आले की रडूच येतं. चार-चार तास सायकल चालवणारी मी, मला एवढंही जमू नये?"

अगं, ते "एवढंही" आधी काढून टाक. रस्त्यावर उतार येतो, सिग्नल येतो, वळण येतं, पाय थांबतात, आपण सीटवरून जरा उठतो आणि हे सगळं आपल्या लक्षातही येत नाही, ट्रेनरवर यातलं काहीच नाही, पाय सतत चालू आणि बूड एकाच जागी, मग टोचणारच ना. घामाचंही तसंच. बाहेर समोरून वारा लागतो, घाम वाळतो, अंग गार राहतं. घरात तो वाळत नाही, अंग तापत जातं आणि तेवढ्याच जोरात पायडल मारत असलीस तरी हार्ट रेट हळूहळू चढत राहतो. तुला जी कमजोरी वाटतेय ना त्यातली बरीचशी ही नुसती गरमी आहे.

म्हणून सगळ्यात आधी पंखा. घरातला मोठ्यात मोठा, समोर, छातीच्या उंचीला, आणि घाम यायच्या आधीच चालू करायचा. हँडलवर टॉवेल टाक, घामातल्या मिठाने बोल्ट गंजतात.

आता हात. दुखऱ्या बाजूने हँडलवर भार अजिबात नको. हँडल वर करून घे, ताठ बस, गिअर हलका ठेव. २०१६ साली मॅथ्यू हेमन नावाच्या ऑस्ट्रेलियन सायकलपटूचा हात फेब्रुवारीच्या शेवटी एका रेसमध्ये मोडला होता, त्याने घरातच ट्रेनरवर तयारी केली, मोडलेला हात म्हणे शिडीवर टेकवून, आणि १० एप्रिलला पॅरिस-रुबे जिंकली, २५० किलोमीटरच्या वरची रेस. तू सहा आठवड्यांत रेस मार असं मी मुळीच म्हणत नाहीये, तो प्रोफेशनल होता आणि त्याचं हाडही वेगळं होतं. पण ट्रेनरवर घातलेला वेळ वाया जात नाही एवढं तरी मनाशी धर. आणि हो, चढता-उतरताना शेजारी न हलणारं स्टूल ठेव, आत्ता तोल जाऊन पडणं अजिबात परवडणारं नाही.

कंटाळ्याचं म्हणशील तर अर्धा तास समोर धरूच नकोस. पाच मिनिटं हलकं, मग तीन मिनिटं जरा जोर आणि दोन मिनिटं हलकं असं चार वेळा, शेवटी पाच मिनिटं हलकं, झाला अर्धा तास. प्रत्येक वेळी फक्त पुढची तीन मिनिटं बघायची. सीट टोचली की सरळ खाली उतरून मिनिटभर चाल, उभं राहून पायडल मारलंस तर हातावर जोर येतो, ते नको. एखादी लांबलचक गोष्ट ऐकायला घे आणि ती फक्त सायकलवरच ऐकायची, पुढे काय झालं हे कळायचं असेल तर सायकलवर बसायलाच लागेल. ट्रेनरवर बसून दुसऱ्यांशी ऑनलाइन रेस लावायची ॲप मात्र आत्ता नको गं, समोरचा पुढे गेला की आपण हँडल खेचतोच, दुखऱ्या हाताने सुद्धा.

आणि ते रडू. येऊ दे. सकाळचा रस्ता, ती माणसं, ते बोलणं सगळं एका दिवसात बंद झालं, वाईट वाटणारच. ग्रुप काही दिवस म्यूट कर, त्यात कसलाही कमीपणा नाही. पण त्यातल्या एकीला सांग की आठवड्यातून एकदा तूही तुझ्या घरी ट्रेनरवर बस, फोन स्पीकरवर टाकू आणि गप्पा मारू. मैत्रीण असेल तर ती नाही म्हणणार नाही.

मोठ्या माणसांत कॉलरबोन जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे पाचव्या आठवड्यात तू काही मागे पडलेली नाहीस. दुखणं वाढलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तिथेच थांब आणि डॉक्टरांना फोन कर. पुढच्या वेळी त्यांना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचार, हँडलवर भार कधीपासून, वजन उचलायचं कधीपासून आणि रस्त्यावर कधीपासून. "सायकल कधी चालवू" एवढंच विचारलंस तर एकच उत्तर मिळेल आणि तू ते तिन्हीला लावशील. उत्तरं लिहून आण, आणि मलाही कळव.